खून झालाय, पण आधी भाषण

झोपण्यापूर्वी रहस्यकथा वाचायची माझी जुनी खोड. हल्ली ती अंगाशी येते. तिसऱ्या पानावर प्रेत सापडतं, इन्स्पेक्टर येतो, प्रेताकडे एक नजर टाकतो आणि थेट खिडकीशी जाऊन उभा राहतो. तो खिडकीशी गेला की समजावं, आता चार पानं तपास बंद. "हा खून माणसानं नाही, व्यवस्थेनं केलाय!" अहो साहेब, केला असेल; पण निदान व्यवस्थेच्या बोटांचे ठसे तरी घ्या! हवालदार पंचनामा बाजूला ठेवून माना डोलावतोय. घरचे रडायचे थांबून ऐकताहेत. प्रेताला जमलं असतं तर त्यानंही टाळ्या वाजवल्या असत्या.

खुनी कोण, हे मला तिथंच कळतं. लेखकाला ज्याची मतं पटत नाहीत, तो.

हे बोलून दाखवलं की काही मंडळी खूश होतात. "बरोबर! गोष्टीत राजकारण हवंच कशाला?" यांच्याशी तर माझं मुळीच जमत नाही. घर कोणाच्या नावावर, जेवायला आधी कोण बसतं, दाराबाहेर कोणाला थांबवतात, हे सगळं गाळलं तर गोष्टीत उरतो पाऊस. आणि पाऊस आला की धरणातलं पाणी कोणाच्या शेतात जातं, हेही आलंच!

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली. तिची नायिका यमू सांगते ते आपल्या घरातलंच: कोण काय बोललं, कोण गप्प बसलं. पण तिच्या केशवपनापाशी आलो की मला पुढचं पान उलटवत नाही. व्यवस्थेवर आणखी काय बोलायचं?

अप्टन सिंक्लेअर या अमेरिकन लेखकाचं वेगळंच झालं. शिकागोच्या मांस कारखान्यांतल्या मजुरांचे हाल कळावेत म्हणून त्यानं 'द जंगल' लिहिली. १९०६ साली पुस्तक आलं आणि लोकांच्या डोक्यात राहिलं ते तिथलं किळसवाणं मांस. त्याच वर्षी अमेरिकेत मांस तपासणीचा कायदा झाला; मजुरांकडे कोण बघतो! नेम लोकांच्या हृदयावर धरला होता, लागला पोटात, असं तो स्वतःच म्हणाला. कादंबरीच्या शेवटी त्यानं समाजवादावरची भाषणंही घातली होती. तोवर वाचक बहुधा हात धुवायला उठले असावेत.