नामाचा सातबारा

माझ्या व्याकरणाला झेरॉक्सवाल्याने पिन उजव्या बाजूला मारली, वर तिचे पैसे वेगळे घेतले. त्याच्या कानावर 'अरबी' एवढंच पडलं होतं, म्हणजे उजवीकडून वाचायचं. कागद देवनागरीत होते, पण ते बघतो कोण?

मूळ दोष रांगेतल्या आप्पांचा. अमळनेरला तहसीलसमोर ही रांग कायमचीच. त्यांच्या हातात सातबारा, नजर माझ्या कागदावर.

"हाई काय शे भाऊ?"

"भाषा बनवतोय, आप्पा. अरबी-हिब्रूच्या चालीवर."

"कोन बोलस?"

"कोणीच नाही."

"मंग चुकस कोन?"

याला काय उत्तर द्यायचं? मी नेटाने शिकवायला घेतलं. तीन व्यंजनं कायम, स्वर फिरले की शब्द फिरतो. खबरचं अनेकवचन अखबार होतं ना, तसंच. माझ्याकडे बैल म्हणजे दाखिम, पुष्कळ बैल म्हणजे अद्खाम. आणि नेमके दोन असले तर दाखिमेन, अरबीसारखं द्विवचन वेगळं.

"जोडीमाईन एक इकी टाका ते?"

"मग परत दाखिम."

"आनि शेजारीना उसना आना ते?"

उसन्या बैलाचं वचन कुठल्याच सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातल्या, भाषेत नाही. तिथे तीन ते दहा हे आकडे पुल्लिंगी नामापुढे चक्क स्त्रीलिंगी वळणाचं रूप घेतात. ती खोड मी हौसेने उचललीय. पण मागच्या मावशीही कान देऊन होत्या, म्हणून गिळून टाकली.

राग आप्पांचा नाहीच. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने १९०७ साली खान्देशीचं, म्हणजे आप्पांच्या या बोलीचं, व्याकरण छापलं, २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे १८ लाखांवर भरले, आणि शाळेत 'मला'ऐवजी 'माले' म्हटलं की आमच्या तळहातावर पट्टी. गावंढळ म्हणे! एकही बोलणारा नसलेल्या माझ्या भाषेला मात्र शहरातले मित्र 'वा' म्हणतात.

असो. शेवटी मी हुकमाचं पान काढलं. म्हटलं, आप्पा, हिब्रूत मालकी सांगताना मालकाचं नाव जसंच्या तसं राहतं, वस्तूचा शब्दच आखडतो. घर म्हणजे बायित, दावीदचं घर म्हणजे बेत दावीद.

आप्पांनी सातबारा माझ्या नाकासमोर धरला.

"आठे वावर तेच शे. मालकच बदली गया. तलाठीले शिकाड तुन्हं हाई व्याकरण."