बेल्ट बदलला, होस बदलले, तरी बूस्ट कमी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी : ‘आधी बेल्ट आणि होस बघा म्हणालात. मी दोन्ही नवे टाकले, तरी माझी मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर ओढत नाही. लोणावळ्याला तर बूस्ट आणखी पडला. स्कॅनरवर बिघाडाचा कोड नाही. गॅरेजवाला पहिल्या दिवसापासून सुपरचार्जर गेला म्हणतोय, त्याचंच खरं. तुमचे लेख म्हणजे नुसत्या मेकॅनिकना शिव्या.’

शिव्यांचं राहू द्या. नव्या वाचकांसाठी : सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून हवा दाबून आत ढकलणारा पंप, आणि बूस्ट म्हणजे त्यामुळे बाहेरच्या हवेपेक्षा जास्त मिळणारा दाब. लोणावळ्यापासून सुरू करतो, कारण तिथे गाडीचा काही दोष नाही. इनटेकचा (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवरचा) सेन्सर मोजतो तो एकूण दाब, हवेचा दाब धरून. समुद्रसपाटीला हवेचाच दाब १०१३ मिलिबारच्या आसपास. लोणावळा सहाशे मीटरवर, तिथे तो ९४० च्या घरात. मोबाइलवरचं ॲप नेहमी १०१३ वजा करून बूस्ट दाखवत असेल, तर इंजिन बंद असतानाही तिथे सत्तर मिलिबार गायब दिसणार. घरी, मुंबईत, इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि आकडा वाचा. हजाराच्या आसपास नसेल तर आधी सेन्सर तपासा.

आता मुख्य मुद्दा. बूस्ट ‘कमी’ आहे एवढ्यावरून काही कळत नाही. तो कुठल्या आरपीएमला कमी आहे ते सांगा. हा सुपरचार्जर दर फेऱ्याला साधारण ठरलेली हवा ढकलतो. त्यामुळे कुठे गळती असेल तर खालच्या आरपीएमला ती जास्त जाणवते, वर पंप तिला मागे टाकतो. बेल्ट घसरत असेल तर उलट : तीन-साडेतीन हजारापर्यंत सगळं छान, मग आकडा चढायचा थांबतो किंवा खाली येतो. आणि हो, नवा बेल्टही घसरतो. टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची) स्प्रिंग मेलेली, पुली घासून गुळगुळीत झालेली किंवा वरून तेल ठिबकणारं, यातलं काहीही असलं तरी बेल्टचे पैसे पाण्यात. चोंदलेला एअर फिल्टरही वरच्याच आरपीएमला त्रास देतो, म्हणून तो आधी काढून बघा. फुकटात होतं.

सगळीकडेच बूस्ट शून्याला चिकटला असेल तर बायपास फ्लॅप बघा, म्हणजे सुपरचार्जरची हवा परत मागे वळवणारी झडप. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) येणाऱ्या तेलाच्या वाफेने तो चिकट होतो आणि उघडाच अडकतो. मग सुपरचार्जर तीच हवा गोल गोल फिरवत बसतो. ब्रीदरचे होस इनटेक मॅनिफोल्डखाली असतात आणि उष्णतेने तडकतात. तुम्ही बदललेल्यांत ते होते का? प्रतिक्रियेवरून कळलं नाही. स्मोक टेस्ट (आत धूर सोडून गळती शोधणं) केली तर लगेच दिसेल.

एक गोष्ट लेखात नव्हती : बूस्ट भरपूर दिसतो, पण गाडी मेलेली. नळाच्या तोंडावर अंगठा धरला की पाण्याला जोर येतो, पण बादली भरत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) चोंदला की तसंच होतं. दाब वाढतो, इंजिनातून जाणारी हवा घटते. मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) तापला तरी बूस्टचा आकडा ठीक दिसतो, पण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा पाडतो आणि पिकअप जातो. कोड येईलच असं नाही. ठरलेली मर्यादा ओलांडेपर्यंत ईसीयू गप्प राहतो.

राहिला सुपरचार्जर. त्याचे रोटर (आतले फिरणारे भाग) एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे तो सहसा गुपचूप मरत नाही. बेअरिंग आधी आवाज करते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या पार्टच्या बाजारात, जुना सुपरचार्जर शोधायला निघण्याआधी बेल्ट उतरवून त्याची पुली हाताने फिरवा. खरखर, हेलकावा किंवा शाफ्टपाशी तेलाचा ओघळ मिळाला तर तुमच्या मेकॅनिकचं बरोबर, खुशाल उतरवा. काहीच नसेल तर त्यालाच विचारा, कशावरून म्हणता?

आणि इथे लॉग टाका : दुसरा गिअर, दीड हजार ते पाच हजार आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, एकूण दाब आणि इनटेकचं तापमान दोन्ही. डायनो (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम. नाहीतर रिकामा रस्ता आणि फोन धरायला शेजारी कुणीतरी. वांद्रे-वरळी सी लिंकवर मात्र नको, तिथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि कॅमेरेही आहेत.