भुरी, डावणी आणि माझी लेन्स

नाशिकमध्ये पाऊस रेंगाळला की दोन जमाती हवालदिल होतात. पहिली द्राक्षबागायतदारांची. ऑक्टोबर छाटणी झालेली, कोवळी फूट निघालेली आणि वर ढग. दुसरी आमची, हौशी फोटोग्राफरांची. त्यांना भुरी-डावणीची, म्हणजे वेलीवरच्या बुरशीची धास्ती, आम्हाला लेन्समधल्या बुरशीची. त्यांच्याकडे निदान मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तरी असतं. लेन्सवर फवारणी करता येत नाही.

मुळात एवढ्या लेन्स घरात आल्याच कशा, असं बायको दर आषाढात विचारते. याचं उत्तर शुद्ध तांत्रिक आहे. कॅमेऱ्याबरोबर १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स मिळते. पुढे झूम केलं की तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ५.६ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), त्यामुळे गोदाघाटावरची संध्याकाळ काळीकुट्ट येते. म्हणून ५० मिलिमीटर, एफ १.८, जवळजवळ दहापट उजेड. मग कळतं की एफ १.४ सुद्धा असते. तिच्यात उजेड दोन-तृतीयांश स्टॉपने वाढतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). किंमत एवढ्यावर थांबत नाही. आणि नांदूरमधमेश्वरच्या मनोऱ्यावरून ५० मिलिमीटरमध्ये जांभळी पाणकोंबडी म्हणजे नुसता जांभळा ठिपका, म्हणून दूरचं जवळ आणणारी ७०-३००. ती हातात धरून काढायचं तर शटरचा वेग किमान १/५०० सेकंद, उडत्या पक्ष्याला १/२०००. एवढ्या वेगाला पहाटेचा उजेड पुरत नाही, म्हणून आणखी मोठ्या अ‍ॅपर्चरची... असो. आषाढ आपोआप येतो.

पावसाळ्यात इथली हवा ८० टक्क्यांच्या पुढे ओली होते. बुरशीला ६०-६५ पुरतात. शिवाय तिला अंधार हवा, कोंडलेली हवा हवी आणि थोडी धूळ किंवा बोटांचे ठसे, जेवायला. म्हणजे आपण लेन्स पुसून, चामडी पाऊचमध्ये घालून, पाऊच बॅगेत आणि बॅग कपाटात ठेवतो तेव्हा तिच्यासाठी खोलीच भाड्याने देत असतो. बॅगेतला फोम तर ओल स्पंजासारखी धरून ठेवतो. बुरशी नुसती बसत नाही, आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाते. जाळी लवकर दिसली तर दुरुस्तीवाला उघडून पुसून देतो. लेप खाल्ला गेला की डाग कायमचा.

तपासायची रीत अशी. दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, खोलीत अंधार करा आणि मागून तिरका टॉर्च मारा. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. धूळ प्रत्येक लेन्समध्ये असते, तिच्यापायी झोप घालवू नये. कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले धागे दिसले तर मात्र ती लेन्स आधी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

घरगुती सल्ले भरपूर मिळतात. “अहो, तांदळात ठेवा ना.” तांदळाची पिठी लेन्सच्या रिंगांमध्ये शिरते. “डांबरगोळी टाका.” तिची वाफ काचेवर थर धरते. “उन्हात ठेवा.” उघडी लेन्स उन्हात म्हणजे भिंग, खालची सतरंजी पेटू शकते.

खरा उपाय स्वस्त आहे. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. निळं जेल ओलं झालं की गुलाबी होतं. पण त्यात कोबाल्ट असतं, म्हणून ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. नारिंगी घ्या. ते हिरवट पडलं की १२० अंशांवर दोनेक तास तापवायचं, पुन्हा कामाला हजर. मापकाचा काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. उत्साहाने ३० च्या खाली नेऊ नका. रबर आणि वंगणाला तेवढा कोरडेपणा मानवत नाही.

स्वस्तातला मापक थापा मारतो. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातच होते. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवला तर कायम ५ मिळवून वाचायचं.

यानंतर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घ्यायचा मोह होतो. होणारच. काचेचं दार, आत मंद दिवा, बाहेर हिरवे आकडे. देव्हाऱ्याइतकं प्रसन्न दिसतं. आकडा ४५ वर लावला की झालं. खरं तर आठवड्यातून दोनदा लेन्स बाहेर काढून वापरली, तिला उजेड-वारा दाखवला, तरी निम्मं काम होतं. पण पावसात बाहेर कोण काढतो? लेन्स महाग आहे.

त्यामुळे श्रावणात आमच्या घरी खारे दाणे मऊ पडतात, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तळलेला नागलीचा पापड ताटात येईपर्यंत सादळतो, आणि ७०-३०० मात्र ४५ टक्क्यांत कुरकुरीत असते. कॅबिनेटचा वरचा कप्पा रिकामा आहे, हे बायकोच्या लक्षात आलंय. अन्न म्हणजे बुरशीला आमंत्रण, हे मी तिला आकृती काढून समजावलं आहे. तिने आकृती नीट पाहिली आणि विचारलं, “डबा हवाबंद असला तर?”