फुली डिफरेन्शियल बँडपास: ‘सर्किटचा आरसा करा, झालं’ हा सल्ला कुठे चुकतो

इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतो आहे. साध्या ऑप-अॅम्पचा कुठलाही बँडपास फिल्टर (फ्रिक्वेन्सीचा एक ठराविक पट्टाच पुढे जाऊ देणारा) घ्या, त्याची आरशातली प्रत खाली काढा आणि मध्ये फुली डिफरेन्शियल अॅम्प्लिफायर (दोन इनपुट आणि एकमेकांच्या उलट चालणारे दोन आउटपुट असलेला; पुढे नुसतं एफडीए) बसवा. मग नॉइज निम्मा होतो, सम हार्मोनिक्स (सिग्नलच्या दुप्पट, चौपट अशा सम पटींच्या फ्रिक्वेन्सीचे नको असलेले घटक) नाहीसे होतात, आणि बँडपास डीसी अडवत असल्यामुळे कॉमन-मोडकडे (दोन्ही तारांवर एकसारख्या येणाऱ्या व्होल्टेजकडे) बघायलाच नको. यातल्या बहुतेक वाक्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच लोक तो डोळे झाकून स्वीकारतात आणि बोर्ड बनून आल्यावर अडकतात. एकेक मुद्दा घेतो.

‘कुठलाही फिल्टर’ हे सरळ चूक आहे. सॅलेन-की या प्रचलित फिल्टर रचनेला सिग्नलसाठी मोकळा नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट लागतो. एफडीएचे दोन्ही इनपुट फीडबॅकमध्ये गुंतलेले असतात, मोकळा एकही उरत नाही. आरसा चालतो तो मल्टिपल फीडबॅक, म्हणजे एमएफबी रचनेला, कारण तिच्यात सिग्नल इन्व्हर्टिंग बाजूनेच येतो.

आता एमएफबीचं गणितच मांडू. सेंटर फ्रिक्वेन्सी 100 किलोहर्ट्झ, क्यू (सेंटर फ्रिक्वेन्सी भागिले पासबँडची रुंदी) 5, गेन 1, सगळे कपॅसिटर 1 नॅनोफॅरड. प्रत्येक अर्ध्या भागात इनपुटचा रेझिस्टर 7.96 किलोओहम येतो, फीडबॅकचा 15.9 किलोओहम, आणि ग्राउंडकडे जाणारा अवघा 162 ओहम. हे दोन 162 ओहम काढून वरच्या आणि खालच्या नोडमध्ये एकच रेझिस्टर टाकता येतो. त्याची किंमत दुप्पट, म्हणजे 325 ओहम, घ्यायची. इथे निम्मी किंमत, म्हणजे 81 ओहम, लावलेली सर्किटं मी पाहिली आहेत. ग्राउंडकडे जाणारा कपॅसिटर असा जोडताना निम्मा होतो, रेझिस्टर नाही.

आणि इथेच कॉमन-मोडचा प्रश्न उभा राहतो. डिफरेन्शियल सिग्नलला दोन्ही मांडण्या सारख्याच. पण दोन्ही तारांवर एकत्र आलेल्या गोंगाटाला तो जोडलेला रेझिस्टर दिसतच नाही, कारण त्याच्या दोन्ही टोकांना तेच व्होल्टेज असतं. वरच्या उदाहरणात 100 किलोहर्ट्झला 1 व्होल्टचा कॉमन-मोड आला, तर रेझिस्टर ग्राउंडला जोडलेले असताना एफडीएच्या इनपुटवर जेमतेम 0.02 व्होल्ट पोचतो. एकच 325 ओहमचा टाकला, तर सुमारे 0.19 व्होल्ट. जवळजवळ दहापट! दोन्ही भागांत जरा जरी फरक असला, तर त्यातला काही हिस्सा डिफरेन्शियल होऊन थेट पासबँडमध्ये उतरतो. एक रेझिस्टर वाचवायचा की गोंगाट आवरायचा, हे सिग्नल कुठून येतो ते बघून ठरवा. लांब केबलमागे सेन्सर असेल तर मी दोन वेगळेच ठेवीन.

डीसीचंही तसंच. कपॅसिटर सोर्सचा डीसी अडवतात हे खरं, पण एफडीएचे इनपुट हवेत लटकत नाहीत. फीडबॅकच्या रेझिस्टरमधून ते व्हीओसीएम पिनवर (दोन्ही आउटपुटची सरासरी पातळी ठरवणारी पिन) दिलेल्या व्होल्टेजवर येऊन बसतात. तेव्हा ते व्होल्टेज एफडीएच्या इनपुट रेंजमध्ये बसतं का, हे डेटाशीटमध्ये पाहावंच लागतं. बऱ्याच एफडीएंची इनपुट रेंज वरच्या सप्लायच्या सुमारे व्होल्टभर आधीच संपते, त्यामुळे 3.3 व्होल्टवर ही तपासणी नुसती औपचारिक राहत नाही.

‘नॉइज निम्मा’ या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. त्याच रेझिस्टरांनी दोन भाग बनवले, की सिग्नलची झेप दुप्पट होते आणि दोन्ही भागांतला स्वतंत्र नॉइज 1.41 पट. फायदा 3 डेसिबलचा. तो चांगलाच आहे, पण ‘निम्मा’ नाही. शिवाय हे झालं रेझिस्टरांपुरतं. अॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज एमएफबी बँडपासमध्ये सेंटर फ्रिक्वेन्सीला 1 + 2 × क्यूचा वर्ग इतक्या पटीने वाढतो. क्यू 5 म्हणजे 51 पट, सिग्नलचा गेन 1 असूनही! आरसा केल्याने या आकड्यात काहीही फरक पडत नाही.

हाच आकडा बँडविड्थही खातो. गेन-बँडविड्थ (फ्रिक्वेन्सी आणि तिथला ओपन-लूप, म्हणजे फीडबॅकशिवायचा, गेन यांचा गुणाकार) 10 मेगाहर्ट्झ असेल तर 100 किलोहर्ट्झला ओपन-लूप गेन 100, आणि त्यातले 51 असे गेले. लूप गेन, म्हणजे चूक सुधारायला शिल्लक राहिलेला गेन, उरला जेमतेम दोन. सेंटर फ्रिक्वेन्सी साधारण क्यू × (फ्रिक्वेन्सी ÷ गेन-बँडविड्थ) इतकी खाली सरकते, म्हणजे इथे 5 टक्के. फिल्टर 95 किलोहर्ट्झच्या आसपास जाऊन बसतो. पासबँडच 20 किलोहर्ट्झचा असताना ही सरक त्याच्या पाव भागाएवढी आहे. गेन-बँडविड्थ 150 मेगाहर्ट्झ असेल तर तीच सरक सुमारे 0.33 टक्के.

सम हार्मोनिक्सबद्दल थोडक्यात: दोन्ही भाग जितके सारखे, तितकेच ते कटतात. 5 टक्क्यांचे कपॅसिटर लावून ते नाहीसे होण्याची वाट पाहू नका. 1 टक्क्याचे सी0जी (तापमानाने फारसे न बदलणारे सिरॅमिक कपॅसिटर) घ्या, दोन्ही बाजूंचा लेआउटही सारखा ठेवा. तिसरा हार्मोनिक मात्र तसाच राहतो.

क्यू 10 हवा असेल तर नॉइज गेन (वरचा 1 + 2 × क्यूचा वर्ग हाच आकडा) 201 वर जातो. तिथे एकाच एफडीएकडून सगळं काढण्यापेक्षा कमी क्यूचे दोन टप्पे थोड्या वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर लावणं मला जास्त पटतं. सिम्युलेशनमध्ये डिफरेन्शियल आणि कॉमन-मोड असे दोन सोर्स आळीपाळीने चालवा, आणि मॉडेल आदर्श अॅम्प्लिफायरचं नको, जो भाग विकत घेणार आहात त्याचंच वापरा.