जॉन, काहीतरी कर रे!

माझ्या सासूबाई यॉर्कशायरच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याची वंशावळ काढायला घेतली आणि अठराव्या शतकातल्या एका जॉनपाशी गाडं अडलं. जॉन क्वेकर होता. "आईला जरा कॉम्प्युटरवर मदत कर," असं मला सांगून नवरा घाईघाईने बागेत पसार झाला.

क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ, प्रार्थनेला जमून तासभर गप्प बसणारी मंडळी. ती सगळी कसर त्यांनी लिहिण्यात भरून काढली आहे. बाप्तिस्मा त्यांच्यात नाही, त्यामुळे गावच्या चर्चच्या दप्तरात जॉन सापडेना. जन्माच्या नोंदी त्यांच्या स्वतःच्या वह्यांत. त्या वह्या पुढे सरकारजमा होऊन आता लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पैसे भरले की घरबसल्या दिसतात. लग्नाच्या दाखल्यावर तर हजर असलेल्या झाडून सगळ्यांच्या सह्या! आहेर कोणी किती केला, तेवढंच लिहायचं राहिलं.

आणि महिने? जानेवारी, मार्च ही रोमन देवांची नावं, म्हणून वर्ज्य. नुसते आकडे. त्यात १७५२ पूर्वी इंग्लंडचं वर्ष मार्चात सुरू व्हायचं, म्हणजे पहिला महिना मार्च, बारावा फेब्रुवारी. जॉन 'दहाव्या महिन्यात' जन्मलेला, आणि चुलतसासऱ्यांनी त्याला बेधडक ऑक्टोबरात घातलेला. मी चैत्रापासून बोटं मोजली. दहावा पौष. "डिसेंबर!" त्या दिवशी सासूबाईंनी मला पहिल्यांदाच आपणहून चहा करून दिला.

जन्मानंतर मात्र जॉन बेपत्ता. थडगं शोधावं, तर १८५० पर्यंत थडग्यावर दगड लावणं या लोकांना मिरवणं वाटायचं. सासूबाईंनी दफनभूमीत जाऊन गवताचे फोटो काढले. वेगवेगळ्या कोनांतून.

खरी गोम अशी, की सरळमार्गी क्वेकर सापडत नाही, सापडतो तो वाह्यात. दारू ढोसली, दिवाळं काढलं, पलटणीत भरती झाला, की मासिक सभेच्या इतिवृत्तात त्याची इत्थंभूत हकीकत आलीच. दोन वडीलधारे घरी जाऊन समजावणार, पुढच्या सभेत ते सांगणार, तरी ऐकलं नाही तर पंथातून नाव कमी. सासूबाईंना जॉन पुण्यवान हवा होता. मी मनातल्या मनात त्याला विनवत होते, बाबा रे, काहीतरी कर!

इतिवृत्तं लीड्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात निघाली. पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. वहीला टेकायला मऊ उशी, आम्हाला लाकडी खुर्च्या. पानं उलटता उलटता जॉन सापडला! पठ्ठ्याने पंथाबाहेरची मुलगी केली होती, तीही चर्चमध्ये पाद्र्यापुढे उभं राहून. दोघं समजवायला गेले, तर म्हणे पश्चात्तापाचं चिन्ह नाही. नाव काढून टाकलं.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे बाहेरची मुलगी करायची खोड या घरात अडीचशे वर्षांची आहे तर."

आणि पेन्सिलीने तेही टिपून घेतलं.