गिटारच्या ट्यूब अॅम्पच्या (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या) आवाजाबद्दल आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

दुकानात ऐकलेला आवाज घरी येत नाही, नॉब कितीही फिरवले तरी तोच गढूळ, किरकिरा ड्राइव्ह (फाटलेला, खरखरीत आवाज) ऐकू येतो आणि फोनवर विचारले असता आमच्या सहकाऱ्याने थेट ट्यूब बदलायला सांगितले, असे आपण लिहिले आहे. शेवटच्या गोष्टीबद्दल आधी क्षमा मागतो, कारण तो सल्ला चुकीचा होता. आपण अॅम्प तपासणीसाठी आणून दिलात, तेव्हा प्रीअॅम्पमधल्या, म्हणजे गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागातल्या, प्रत्येक १२एएक्स७ ट्यूबवर आम्ही पेन्सिलीने हलकेच टिचकी मारून पाहिली. स्पीकरमधून ना घणघण आली, ना शिट्टी, म्हणजे त्या ट्यूब ठीक आहेत. स्पीकरला ताकद देणाऱ्या ईएल३४ पॉवर ट्यूबही उत्तम स्थितीत आहेत. त्या बदलण्याचा खर्च कृपया करू नका.

तपासणीपूर्वी नॉब जसे होते तसे आम्ही टिपून ठेवले होते: गेन (सिग्नल सुरुवातीला किती वाढवायचा) ९, बेस (खालचे सूर) ८, मिड (मधले सूर) २, ट्रेबल (वरचे सूर) १०, मास्टर (एकूण आवाज) १. आपल्या तक्रारीचे कारण बहुतांशी याच आकड्यांत आहे. या अॅम्पमधले बेस, मिड व ट्रेबल हे तिन्ही टोन नॉब एकाच सर्किटचे भाग असल्यामुळे एक हलवला की उरलेल्या दोघांचे वागणे बदलते, आणि ट्रेबल पूर्ण उघडला की बेस व मिडचा प्रभाव बराच कमी होतो. त्यामुळे काहीच फरक पडत नाही हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. शिवाय हे सर्किट गेनच्या टप्प्यांनंतर येते. गेन ९ वर असताना खालच्या तारांचा जो गढूळपणा तयार होतो, तो बेस कमी करून पूर्णपणे निघत नाही. त्यासाठी गेनच खाली आणावा लागतो.

आमची मोठी चूक दुकानातल्या प्रात्यक्षिकात झाली. त्या दिवशी मास्टर ५ वर होता, म्हणजे पॉवर ट्यूब आणि स्पीकर दोन्ही मेहनत करत होते, आणि घरी ती पातळी शक्य नसते हे आम्ही आपल्याला सांगितले नाही. ते सांगणे आमचे कर्तव्य होते. कमी आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर तुलनेने कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे. म्हणून हळू वाजवताना बेस-ट्रेबल चढवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण मिड कापला की गिटारचा गाभाच हरवतो.

गेन ४, ट्रेबल ४, मिड ६, बेस ४ येथून सुरुवात करावी आणि खोलीला सोसेल तितका मास्टर उघडावा, अशी विनंती आहे. स्वच्छ आवाजासाठी अॅम्पला हात न लावता गिटारचा व्हॉल्यूम ६ च्या आसपास आणून पाहा. अॅम्प किती बारकाईने प्रतिसाद देतो ते तेव्हा कळेल. स्पीकरच्या अगदी समोर बसू नका, कारण तीव्र सूर सरळ रेषेत येतात आणि त्यामुळे किरकिर अधिक वाटते.

अॅम्प न्यायला याल तेव्हा आपलीच गिटार आणावी. घरच्याच पातळीवर, मास्टर १ ते २ वर ठेवून, आम्ही आपल्यासोबत बसून आवाज लावून देऊ. त्यानंतरही समाधान झाले नाही, तर अॅम्प परत घेऊन पूर्ण रक्कम परत करू.

आपला नम्र,
दुकानाचा मालक