शेळी, उंदीर आणि आबा

घरात आजोबांना कामं लावायची एक पद्धत असते. 'जमलं तर' म्हणून दळण, 'सहज जाता जाता' म्हणून लाइट बिल, आणि 'दहा मिनिटांचं तर काम' म्हणून नातीला झोपताना पुस्तक वाचून दाखवणं. पहिली दोन मी आजही हसतमुखाने करतो.

मुक्ता दुसरीत आहे. पुस्तकंही तिला शोभतील अशीच: रंगीत, पातळ, एका पानावर दोन ओळी. प्रथम बुक्सने २०१५ साली स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ काढलं, त्यावर गोष्टींच्या चार पायऱ्या केल्यात. पहिल्या पायरीची गोष्ट २५० शब्दांच्या आत. म्हणजे पेपरातली एक बारकी बातमी. मी ती चहा निवायच्या आत वाचून बाजूला ठेवतो. त्या मानाने सूनबाईंनी दहा मिनिटं दिली होती, म्हणजे सढळ हातानेच दिली होती.

पण मुक्ता मुखपृष्ठावरच मुक्काम करते.

सध्या लायब्ररीतून आणलेलं एक शेळीचं पुस्तक चालू आहे. शेळी बाजाराला जाते, वाटेत आजीची छत्री खाते, घरी येते. बस. मी घसा साफ करून 'शेळी बाजाराला निघाली' म्हटलं की मुक्ता पानावर हात ठेवते. "थांब आबा. आजीने चपला उलट्या घातल्यात." मजकुरात चपलांचा उल्लेख नाही. मजकुरात पाण्याचं पिंप नाही, झाडावरचा पतंग नाही, आणि मुख्य म्हणजे उंदीर नाही. हा उंदीर चित्रकाराने स्वतःच्या अखत्यारीत पानोपानी घुसवलेला आहे. कुठे नुसती शेपटी, कुठे एक कान. तो सापडेपर्यंत पान उलटायला बंदी. आणि पानं गुळगुळीत आर्ट पेपरची असल्याने ट्यूबलाइट नेमकी उंदराच्या जागी चमकते, म्हणून पुस्तक, मी आणि उशी असे तिघंही दर पानाला वेगळ्या कोनात.

माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं बरी. त्या लिहितातही स्वतः आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळे तक्रार असली तर एकाच ठिकाणी करता येते. इथे लेखक वेगळा, चित्रकार वेगळा, आणि दोघांच्या भांडणात जाब मात्र मला विचारतात.

आवाज हा आणखी एक जाच. पहिल्या रात्री उत्साहाच्या भरात मी शेळीला एक किनरा आवाज दिला. तेव्हापासून तो कायम झाला. सर्दी असो, खोकला असो, शेळी त्याच पट्टीत बोलली पाहिजे. झोप आली म्हणून दोन पानं एकदम उलटावीत तर तेही जमत नाही, कारण पुस्तक तिला तोंडपाठ आहे. "मग मला कशाला वाचायला लावतेस?" असं विचारलं तर म्हणाली, "तू नीट वाचतोस का ते बघायला."

शाळेतून निरोप आला की मुलांनी रोज घरी मोठ्याने वाचावं, अक्षराखाली बोट ठेवून. म्हटलं, चला, आता बोट तिचं आणि ऐकणार मी. बोट शिस्तीत 'आजी दारात उभी होती' या ओळीखालून सरकलं आणि तोंडातून आलं, "आजी चिडलीये, कारण शेळीने छत्रीची काडीसुद्धा ठेवली नाही." नजर सगळा वेळ चित्रावर. मी म्हटलं, "अगं, असं लिहिलेलं नाहीये." "पण झालंय तसं. बघ की तिचा चेहरा." चेहरा पाहिला. होता चिडलेला. लेखकाने हे का लिहिलं नाही याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एका बाबतीत मात्र मला वाटलं होतं की माझा वरचष्मा राहील. मी उभा जन्म ऑफसेट छपाईत काढला. पान ८ आणि ९ मिळून शेळीचं मोठं चित्र आहे आणि बरोबर मधोमध, जिथे पिना मारतात, तिथे तिची मान. "शेळीला पिन टोचते का?" या प्रश्नाला उत्तर म्हणून मी जरा खुशीतच सांगायला लागलो की पिना मारलेल्या पुस्तकात हे मधलं पानच तेवढं एकसंध कागदावर असतं. बाकीच्या जोडचित्रांचे दोन तुकडे वेगवेगळ्या जागी छापले जातात, म्हणून तर पान ४-५ वर आजीचा खांदा केसभर वरखाली झालाय. झालं. आता खांदा पट्टीने मोजायचा.

मग एक कोरा कागद आला. तीन घड्या घालून त्याचा १६ पानी फॉर्म, म्हणजे एकाच कागदातून निघणारा पानांचा संच, करून दाखवला, कडेला आकडे टाकले आणि कागद पुन्हा उलगडला. १ च्या शेजारी १६, ८ च्या शेजारी ९, ४ च्या शेजारी १३, निम्मे आकडे डोक्यावर उभे. जोडीची बेरीज दर वेळी १७. मुक्ता उठून बसली. सगळ्या जोड्या तपासून झाल्यावर तिने मूळ शंका काढली: शेळी बाजारातून एवढ्या लवकर घरी का आली?

"फॉर्म संपला म्हणून," मी म्हणालो. छापखान्यातलं खरं कारण तेच आहे. १६, २४ किंवा ३२ पानांत काय ते आटपावं लागतं, नाहीतर कागद वाया जातो. तिला ते मुळीच पटलं नाही. सूनबाई दारात येऊन "अजून जागे?" म्हणाल्या, त्यातही रोख माझ्याकडेच होता.

पुस्तक परत करायला गेलो तेव्हा लायब्ररीतल्या मॅडमनी सवयीने पानं चाळली आणि थबकल्या. पानापानावर, ओळीच्या शेवटी, शिसपेन्सिलीने वेलांटी चुकवून लिहिलं होतं: 'आणि उंदिर'. मी दंडासाठी पाकीट काढलं. मॅडमनी चष्मा पुसला, पुस्तक दिव्याखाली धरलं, पुन्हा पहिल्यापासून एकेक पान बघितलं. माझ्यामागे रांग वाढत होती.

"अहो, अकराव्या पानावर कुठाय?" त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत रांगेतले माझ्याच वयाचे एक गृहस्थ कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "पिंपाच्या मागे बघा. नुसती मिशी दिसते."